नेट का गेलं? उपकरणांतल्या बिघाडामुळे बंद पडणाऱ्या इंटरनेटबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंटरनेट बंद पडलं की लोक दोनच गोष्टी विचारतात: का गेलं आणि कधी येणार. नेटवर्कवर लक्ष ठेवणाऱ्या कक्षात मी कित्येक रात्रपाळ्या काढल्या आहेत, त्यामुळे या प्रश्नांना फोनवर मिळणारी उत्तरं किती तोकडी असतात हे मला ठाऊक आहे. 'टेक्निकल प्रॉब्लेम आहे, काम चालू आहे' एवढ्यावर कुणाचं समाधान होणार? म्हणून इथे जरा सविस्तर लिहिलं आहे. यंत्र कधीतरी बिघडणारच. पण एका यंत्रापायी किती जणांचं नेट जावं आणि किती वेळ जावं, हे बहुतेक वेळा माणसांनी आधीच घेतलेल्या निर्णयांनी ठरलेलं असतं. खालची बरीचशी उत्तरं त्याच अंगाने जातात.

नेट गेलं म्हणजे नेमकं काय गेलं?

तुमच्या फोनपासून समोरच्या वेबसाइटपर्यंत यंत्रांची एक साखळी असते. फोन वायफायवरून घरातल्या राऊटरशी बोलतो. फायबरची जोडणी असेल तर राऊटरच्या शेजारी, किंवा त्याच डब्यात, ओएनटी असतो. तारेतून आलेल्या प्रकाशाचं तो विजेच्या संदेशांत रूपांतर करतो. घरातून निघालेली काचेची तार वाटेत एका स्प्लिटरला जोडलेली असते. स्प्लिटरला वीज लागत नाही, तो एका तारेतला प्रकाश ३२ किंवा ६४ घरांत वाटून देतो. पुढे कंपनीच्या केंद्रात या सगळ्या घरांच्या ओएनटींशी बोलणारं ओएलटी नावाचं यंत्र, मग अनेक ओएलटींची रहदारी गोळा करणारे स्विच, मग जाळ्याच्या गाभ्यातले मोठे 'कोअर' राऊटर आणि तिथून दुसऱ्या कंपन्यांची जाळी. बाजूला आणखी दोन सेवा चालू असाव्या लागतात: वेबसाइटच्या नावावरून तिचा पत्ता सांगणारी डीएनएस आणि तुमचं खातं तपासून तुम्हाला आत सोडणारा सर्व्हर.

यातलं काहीही बंद पडलं तरी तुम्हाला दिसतं ते एकच. पान उघडत नाही. म्हणूनच बिघाड शोधणं म्हणजे या साखळीची कुठली कडी तुटली ते शोधणं.

बिघाड माझ्या घरात आहे की बाहेर, हे कसं ओळखू?

आधी डब्यावरचे दिवे बघा. ओएनटीवर 'लॉस' (LOS) नावाचा दिवा असतो. तो लाल झाला किंवा लाल लुकलुकू लागला, तर तारेतून प्रकाशच येत नाही. तार कुठेतरी तुटली असेल, जास्त वाकली असेल, कनेक्टर निसटला असेल किंवा पलीकडचं यंत्र बंद असेल. यातलं तुमच्या हातात एवढंच: तार फर्निचरखाली दबलेली नाही ना आणि डब्यात नीट बसलेली आहे ना, हे पाहणं. मोकळ्या टोकात डोळा लावून बघू नका. त्यातला लेझरचा प्रकाश अवरक्त असतो, डोळ्यांना दिसत नाही, पण इजा करू शकतो.

'पॉन'चा (PON) दिवा स्थिर हिरवा असेल तर ओएनटी आणि ओएलटी यांची ओळख पटलेली आहे. तो सारखा लुकलुकत असेल तर प्रकाश येतोय पण नोंदणी होत नाहीये. पॉन स्थिर आणि 'इंटरनेट'चा दिवा मात्र बंद किंवा लाल, असं असेल तर तार ठीक आहे, अडचण खात्याच्या तपासणीत किंवा त्याच्या पुढे आहे. तक्रार करताना एवढं जरी सांगितलंत तरी पलीकडच्या माणसाचे पहिले दोन-तीन प्रश्न वाचतात.

दिवे ठीक दिसत असतील तर वायफाय बाजूला ठेवा आणि लॅन केबलने संगणक थेट राऊटरला जोडा. केबलवर नेट चालतं आणि वायफायवर नाही, तर कंपनीला फोन करून उपयोग नाही. बिघाड राऊटरच्या वायफायमध्ये किंवा तुमच्या फोनमध्ये आहे. केबलवरही चालत नसेल तर संगणकाला मिळालेला आयपी पत्ता, म्हणजे जाळ्यावरचा त्याचा आकडी पत्ता, बघा. तो १६९.२५४ ने सुरू होत असेल तर राऊटरने संगणकाला पत्ताच दिलेला नाही, म्हणजे राऊटर अडकला आहे किंवा केबल खराब आहे.

पत्ता बरोबर असेल तर १.१.१.१ किंवा ८.८.८.८ या इंटरनेटवरच्या पत्त्यांना पिंग करून, म्हणजे छोटी हाक पाठवून, ओ येते का ते बघा. उत्तर येतंय, पण नावाने कुठलीच वेबसाइट उघडत नाही? मग रस्ता मोकळा आहे, डीएनएस बंद आहे. राऊटरमध्ये किंवा फोनमध्ये डीएनएसचा पत्ता बदलून तुम्ही पाच मिनिटांत पुन्हा कामाला लागू शकता. कंपनीचा डीएनएस सर्व्हर बसला आणि हजारो घरांना वाटलं की तार तुटली, असं होतं, आणि त्या प्रत्येक घराला हा उपाय माहीत असता तर किती त्रास वाचला असता असं मला दर वेळी वाटतं.

शेवटी शेजारी विचारा. त्याच कंपनीचं कनेक्शन असलेल्या दोन-तीन घरांतही नेट गेलं असेल तर घरातली खटपट थांबवा.

राऊटर बंद करून चालू केला की नेट परत का येतं?

राऊटर हा एक छोटा संगणकच आहे. त्यात प्रोसेसर असतो, मेमरी असते आणि महिनोन्‌महिने न थांबता चालणारं सॉफ्टवेअर असतं. सॉफ्टवेअरने वापरून झालेली मेमरी परत केली नाही तर ती हळूहळू भरत जाते. घरातल्या प्रत्येक उपकरणाच्या प्रत्येक जोडणीची नोंद राऊटर एका तक्त्यात ठेवतो, तो तक्ताही भरू शकतो. कंपनीच्या सर्व्हरशी असलेलं सत्र मधेच तुटतं आणि राऊटरला ते कळत नाही. बंद करून चालू केल्यावर हे सगळं कोऱ्या पाटीवर सुरू होतं.

प्लग काढल्यावर अर्धा मिनिट तरी थांबा. आतल्या कपॅसिटरमध्ये थोडी वीज साठलेली असते, ती संपेपर्यंत मेमरी पूर्ण रिकामी होत नाही. डबे दोन असतील तर आधी ओएनटी चालू करा, त्याचे दिवे स्थिर झाले की मग राऊटर. रोज रिस्टार्ट करावा लागत असेल तर तो उपाय राहिलेला नाही, ते आजाराचं लक्षण आहे.

आणि मागचं ते बारीक भोक? त्यात पिन घालू का?

नको. ते रीसेट आहे. त्याने राऊटर कारखान्यातून आला तसा होतो आणि कंपनीने भरलेलं युजरनेम, पासवर्ड, सगळं पुसलं जातं. मग मूळ बिघाड दुरुस्त झाला तरी तुमचं नेट येत नाही.

यंत्रात बिघडतं तरी काय? त्यात फिरणारं तर काही नसतं.

घरातल्या डब्याच्या बाबतीत सगळ्यात आधी संशय घ्यायचा तो अॅडॉप्टरचा. भिंतीत खोचलेला तो छोटा ठोकळा आतल्या इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटरवर जगतो आणि हे कपॅसिटर उष्णतेने वाळत जातात. तापमान १० अंश सेल्सियसने वाढलं की त्यांचं आयुष्य साधारण निम्मं होतं, असा या धंद्यातला ढोबळ हिशेब आहे. अॅडॉप्टर एकदम मरत नाही. व्होल्टेज थोडं खाली-वर होऊ लागतं, दिवे लागलेले दिसतात, पण घरातली वापराची गर्दी वाढली की राऊटर स्वतःहून रिस्टार्ट होतो. महिनाभर तक्रारी चालतात, तंत्रज्ञ तीनदा येऊन तार तपासून जातो आणि शेवटी अॅडॉप्टर बदलल्यावर सगळं सुरळीत होतं. हे मी इतक्या वेळा पाहिलंय की आता पहिला प्रश्न अॅडॉप्टरचाच विचारतो. बदलताना व्होल्ट तेवढेच हवेत आणि अँपिअर तेवढे किंवा जास्त.

मोठ्या यंत्रांत पंखे असतात. ते धुळीने जाम होतात आणि मग कार्ड तापतात. फायबरच्या तोंडाशी बसवलेले, तारेत प्रकाश सोडणारे एसएफपी मोड्यूल असतात, त्यांतला लेझर वर्षांनुवर्षं चालून मंदावतो. प्रकाश कमी होत होत एका मर्यादेखाली गेला की चुका वाढतात. घरच्या ओएनटीसाठी ही मर्यादा बहुधा उणे २७ डीबीएमच्या (डीबीएम हे प्रकाशाची ताकद मोजायचं माप) आसपास असते, म्हणून तंत्रज्ञ मीटर लावून 'पॉवर किती येतेय' ते बघतो.

कधी दोष कारखान्यातूनच येतो. फेब्रुवारी २०१७ मध्ये सिस्को कंपनीने जाहीर केलं की तिच्या काही राऊटर-स्विचमध्ये बाहेरून घेतलेला घड्याळाचा एक सुटा भाग साधारण १८ महिन्यांच्या वापरानंतर निकामी होऊ शकतो. तो भाग गेला की यंत्र पुन्हा सुरूच होत नाही. अशा वेळी एकाच खेपेत घेतलेली मुख्य आणि राखीव अशी दोन्ही यंत्रं पाठोपाठ जाऊ शकतात.

शेजाऱ्याच्या डब्यामुळे माझं नेट जाऊ शकतं का?

जाऊ शकतं. एका स्प्लिटरवरची सगळी घरं कंपनीकडे डेटा पाठवताना एकच तार वाटून घेतात. प्रत्येक ओएनटीला बोलण्यासाठी सेकंदाच्या बारीक भागांतली पाळी ठरवून दिलेली असते. एखाद्या ओएनटीचा लेझर बिघडून सतत चालू राहिला, तर इतर कुणाचाच आवाज ओएलटीला ऐकू येत नाही. याला आमच्यात 'रोग ओएनटी' म्हणतात (इंग्रजीतला rogue, म्हणजे बेताल). ३२ घरं बंद पडतात आणि ज्याच्या घरात दोष आहे त्यालाही तो कळत नाही. शोधायचं कसं, तर एकेक घराची जोडणी तोडत जायचं आणि बाकीच्यांचं नेट कधी परत येतं ते बघायचं. चांगल्या ओएलटी हे आपोआप करतात. नसेल तर तंत्रज्ञाला घरोघर फिरावं लागतं, आणि एखादं घर कुलूपबंद असलं की पंचाईत.

तांब्याच्या तारेवर चालणाऱ्या ब्रॉडबँडमध्ये तर दूरदर्शन संचसुद्धा हे करू शकतो. वेल्समधल्या अॅबरहोसन गावात सुमारे १८ महिने रोज सकाळी ७ वाजता नेट ढेपाळायचं. केबल बदलून झाल्या, तरी फरक नाही. शेवटी अभियंत्यांनी पहाटे उपकरणं घेऊन गावात फिरून शोध लावला: एक जुना टीव्ही चालू झाला की विजेच्या गोंगाटाचा असा झोत सोडायचा की सगळ्यांच्या लाइनी कोलमडायच्या. ही हकीकत सप्टेंबर २०२० मध्ये जाहीर झाली. टीव्ही बंद केला आणि प्रश्न मिटला.

एक यंत्र बिघडलं तर अख्खं जाळं का कोसळतं?

हा प्रश्न इंटरनेटच्या आधीपासूनचा आहे. २७ ऑक्टोबर १९८० रोजी अर्पानेट, म्हणजे आजच्या इंटरनेटचं पूर्वरूप, काही तास संपूर्ण बंद पडलं. तेव्हाचे राऊटर एकमेकांना आपल्या स्थितीचे निरोप पाठवायचे आणि नवा निरोप कुठला हे त्यावरच्या क्रमांकावरून ठरवायचे. एका यंत्राच्या मेमरीने काही बिट गाळले आणि त्यामुळे ४४ क्रमांकाच्या निरोपाच्या ४० आणि ८ क्रमांकाच्या नकला तयार झाल्या. क्रमांक ६३ नंतर पुन्हा ० वरून सुरू होत असल्यामुळे नियमाप्रमाणे ४४ हा ४० पेक्षा नवा, ४० हा ८ पेक्षा नवा आणि ८ हा ४४ पेक्षा नवा ठरत होता. प्रत्येक यंत्र इमानदारीने 'नवा' निरोप पुढे पाठवत राहिलं आणि दुसरं काही करायला कुणालाच वेळ उरला नाही. तारेवरून जाताना होणाऱ्या चुका पकडायची सोय होती, मेमरीत पडून असताना होणाऱ्या चुका पकडायची नव्हती.

आता २७ डिसेंबर २०१८ कडे बघा. अमेरिकेतल्या सेंच्युरीलिंक कंपनीच्या डेन्व्हरमधल्या एका यंत्रातल्या मोड्यूलने आपसूक चार सदोष पॅकेट (डेटाची छोटी पाकिटं) तयार केली. त्यांची बाह्य रचना वैध होती, ती सगळ्यांना पाठवायची होती आणि त्यांना कालमर्यादा नव्हती. प्रत्येक यंत्राने ती आपल्या सगळ्या शेजाऱ्यांना दिली, शेजाऱ्यांनी त्यांच्या शेजाऱ्यांना. सेवा ३७ तास विस्कळित राहिली, ३९ राज्यांतल्या २.२ कोटीपर्यंत ग्राहकांना झळ बसली आणि आपत्कालीन ९११ क्रमांकाचे किमान ८८६ कॉल पोचलेच नाहीत. मधे ३८ वर्षं गेली तरी मूळ तेच राहिलं: बिघडलेलं यंत्र गप्प बसलं तर निभावतं, ते चुकीचं बोलू लागलं आणि बाकीच्यांनी विश्वास ठेवला की जाळं कोसळतं.

छोट्या प्रमाणावर हे कुठल्याही कार्यालयात घडू शकतं. एका ठिकाणी साफसफाई करताना कुणीतरी लोंबकळणाऱ्या केबलचं मोकळं टोक त्याच स्विचमध्ये खोचलं. झाली वर्तुळाची सोय. केबलवरून धावणाऱ्या डेटाच्या तुकड्याला, म्हणजे इथरनेटच्या फ्रेमला, आयुष्याची मर्यादा नसते, ती त्या वर्तुळात गरगर फिरत राहते, तिच्या नकला होतात आणि काही क्षणांत सगळा स्विच गुदमरतो. हे टाळण्यासाठी संगणकतज्ज्ञ रेडिया पर्लमन यांनी १९८५ मध्ये स्पॅनिंग ट्री ही पद्धत तयार केली. ती आजही वापरात आहे, पण स्वस्त स्विचमध्ये ती नसते किंवा कुणीतरी ती बंद करून ठेवलेली असते. त्या कार्यालयाचा अर्धा दिवस गेला, एका हातभर केबलपायी.

कंपनीकडे राखीव यंत्रं नसतात का?

असतात. तरीही सेवा जाते, आणि त्याची कारणं मला या सगळ्या विषयातली सगळ्यात महत्त्वाची वाटतात.

पहिलं कारण गर्दी. दोन लिंक आहेत, दोन्ही ७० टक्के भरलेल्या. एक गेली की दुसरीवर १४० टक्के भार येतो. कागदावर राखीव व्यवस्था होती, प्रत्यक्षात नव्हती. पैसे वाचवताना सगळ्यात आधी हीच मोकळी जागा खाल्ली जाते, कारण रोजच्या दिवशी ती वाया गेल्यासारखी दिसते.

दुसरं कारण, वेगळं दिसणारं वेगळं नसणं. एका संस्थेने दोन वेगवेगळ्या कंपन्यांच्या लाइनी घेतल्या होत्या आणि निर्धास्त होती. रस्ता खणताना दोन्ही एकदम तुटल्या. शेवटच्या शे-दीडशे मीटरमध्ये दोन्ही तारा एकाच नळीतून येत होत्या, हे तोवर कुणी विचारलंच नव्हतं. तसंच दोन राऊटर एकाच वीजपुरवठ्यावर असतात किंवा दोघांत एकच सॉफ्टवेअर असतं. ज्या चुकीने पहिला पडतो तिनेच दुसराही पडतो.

८ जुलै २०२२ रोजी कॅनडात रॉजर्स कंपनीचं जाळं पडलं ते याचं मोठं उदाहरण. जाळं अद्ययावत करण्याच्या कामात एका राऊटरवरची माहिती गाळणारी चाळणी काढली गेली, कुठे कुठल्या वाटेने जायचं या मार्गांच्या माहितीचा पूर कोअर राऊटरांवर आला आणि ते कोसळले. मोबाइल आणि घरचं इंटरनेट दोन्ही त्याच कोअरवर होतं, त्यामुळे १.२ कोटींहून जास्त ग्राहकांचं दोन्ही एकदम गेलं. डेबिट कार्डाचे व्यवहार अडले. कंपनीचे कर्मचारीही त्याच जाळ्यावर असल्यामुळे त्यांना एकमेकांशी बोलता येईना आणि मूळ कारण हाती लागायला सुमारे १४ तास गेले. मुख्य जाळं पडलं तरी यंत्रांपर्यंत पोचता यावं म्हणून व्यवस्थापनाची वेगळी वाट ठेवायची असते. तिथे तीही त्याच कोअरवर अवलंबून होती.

तिसरं कारण: राखीव यंत्र कधी चालवूनच बघितलेलं नसतं. दोन वर्षं कोपऱ्यात उभ्या असलेल्या यंत्रात जुनं कॉन्फिगरेशन (यंत्राने कसं वागायचं त्याची मांडणी) असतं, मरगळलेली बॅटरी असते. महिन्यातून एकदा रात्री मुद्दाम मुख्य यंत्र बंद करून पाहणारी कंपनी मला विश्वासाची वाटते. अशा कंपन्या थोड्या आहेत.

'उपकरणात बिघाड' हे कारण खरं असतं की सोयीचं?

दोन्ही. यंत्र जळणं वेगळं आणि माणसाने दिलेल्या आज्ञेमुळे यंत्र बंद पडणं वेगळं, पण ग्राहकाला दोन्ही एकाच शब्दांत सांगितलं जातं. ४ ऑक्टोबर २०२१ रोजी फेसबुक, व्हॉट्सअॅप आणि इन्स्टाग्राम सुमारे सहा तास जगभर बंद होते. एकही राऊटर जळला नव्हता. देखभालीदरम्यान दिलेल्या एका आज्ञेने डेटा सेंटरना जोडणारं सगळं जाळं तुटलं, आणि अशी आज्ञा अडवण्यासाठी असलेल्या तपासणीतच चूक होती.

मधलीही एक जात आहे: यंत्र शाबूत, सॉफ्टवेअर शाबूत, पण क्षमता अपुरी. १२ ऑगस्ट २०१४ रोजी इंटरनेटच्या जागतिक मार्गांची संख्या ५,१२,००० च्या वर गेली. बऱ्याच जुन्या राऊटरांच्या खास मेमरीत मूळ मांडणीनुसार तेवढेच मार्ग मावत. ते मंदावले किंवा पडले आणि अनेक ठिकाणी सेवा अडखळली. संख्या कशी वाढतेय हे सगळ्यांना दिसत होतं, मेमरीची मांडणी बदलायचा उपायही माहीत होता. ज्यांनी तो आधी केला त्यांच्या ग्राहकांना काही कळलंही नाही.

यंत्र बदलायला इतका वेळ का लागतो?

स्क्रू काढून नवं कार्ड बसवायला वीस मिनिटं लागतात. वेळ जातो तो दोष शोधण्यात, सुटा भाग त्या जागेपर्यंत नेण्यात, कुलूप उघडून घेण्यात आणि जुनं कॉन्फिगरेशन नव्या यंत्रात भरण्यात. त्या कॉन्फिगरेशनची ताजी प्रत जपून ठेवलेली नसेल तर ते आठवून लिहावं लागतं, आणि रात्री तीन वाजता आठवून लिहिलेल्या कॉन्फिगरेशनमध्ये चुका असतात.

यंत्र चालू झालं तरी काम संपत नाही. हजारो घरं एकाच क्षणी 'मला आत घ्या' म्हणून सर्व्हरवर धडकतात. २ जुलै २०२२ रोजी जपानच्या केडीडीआय कंपनीत कोअर राऊटरच्या कामात चूक झाली आणि संपर्क थोडाच वेळ बिघडला. पण त्यातून पुन्हा जोडणी मागणाऱ्या फोनांची अशी रेटारेटी झाली की यंत्रं तिच्याखाली दबली, ग्राहकांच्या नोंदी एकमेकांशी जुळेनाशा झाल्या आणि सेवा पूर्ववत व्हायला अडीच दिवसांहून जास्त लागले. म्हणून कंपन्या परिसर टप्प्याटप्प्याने चालू करतात. शेजारच्या गल्लीत नेट आलं आणि तुमच्याकडे नाही, याचं कारण अनेकदा एवढंच असतं. अशा वेळी दर दोन मिनिटांनी राऊटर बंद-चालू केलात तर प्रत्येक वेळी रांगेत पुन्हा मागे जाता.

कॉल सेंटर म्हणतं 'आमच्याकडे सगळं ठीक दिसतंय'. मग माझं नेट का चालत नाही?

ते खोटं बोलत असतीलच असं नाही. देखरेखीची यंत्रणा दर काही मिनिटांनी यंत्राला हाक मारते आणि यंत्राने 'ओ' दिली की हिरवा ठिपका दाखवते. पण पूर्ण मेलेल्या यंत्रापेक्षा अर्धमेलं यंत्र जास्त छळतं. ते हाकेला ओ देतं आणि शंभरातली दहा पॅकेट गाळतं. साधं पान कसंबसं उघडतं, व्हिडिओ कॉल तुटतो. पाच-दहा मिनिटं सतत पिंग चालू ठेवून किती टक्के गाळ झाला ते लिहून घ्या, ट्रेसराऊट (वाटेतला प्रत्येक टप्पा दाखवणारी आज्ञा) चालवून त्याचा स्क्रीनशॉट घ्या. मात्र ट्रेसराऊटमध्ये मधल्याच एका टप्प्यावर तारका दिसल्या आणि पुढचे टप्पे ठीक असले तर तो दोष नसतो. बरेच राऊटर अशा चौकशीला मुद्दाम कमी महत्त्व देतात. गाळ एका टप्प्यापासून सुरू होऊन शेवटपर्यंत टिकत असेल, तर तोच खरा पुरावा.

वीज कडाडली आणि राऊटर गेला. फायबरमध्ये तर वीज वाहत नाही ना?

काचेतून नाही वाहत. ती अॅडॉप्टरमधून येते, किंवा जुन्या तांब्याच्या तारेतून, किंवा एका घरातून दुसऱ्या घरात नेलेल्या लॅन केबलमधून. काही फायबरना आधारासाठी पोलादी तार जोडलेली असते, तीही वीज आणू शकते. वादळात प्लग आणि लॅन केबल दोन्ही काढून ठेवणं हाच भरवशाचा उपाय.

९९.९ टक्के सेवेची हमी आहे. मग हे कसं?

हिशेब करून बघा. ९९.९ टक्के म्हणजे वर्षाला पावणेनऊ तास बंद राहायची मुभा. ९९.९९ टक्के म्हणजे साधारण ५२ मिनिटं आणि ९९.९९९ टक्के म्हणजे सव्वापाच मिनिटं. शिवाय ठरवून केलेली देखभाल या हिशेबात धरत नाहीत, असं बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं. घरगुती योजनेत बहुधा अशी हमी नसतेच.

तक्रार कशी नोंदवू म्हणजे तिचा उपयोग होईल?

तक्रार क्रमांक घेतल्याशिवाय फोन ठेवू नका. केव्हापासून बंद आहे, कुठला दिवा कसा आहे, केबलने जोडून पाहिलं का, शेजाऱ्यांचं चालू आहे का, एवढं सांगा. नेट वारंवार जात असेल तर एका वहीत तारीख आणि वेळ टिपत जा. रोज दुपारीच जातं, ऊन चढलं की जातं, पाऊस पडला की जातं, असं काही त्या नोंदींतून दिसलं तर तंत्रज्ञाला तापणारं यंत्र किंवा पाणी शिरलेला जोड शोधायला सोपं जातं. अशा नोंदी आणणाऱ्या ग्राहकाचं काम मी स्वतः आधी हाती घेत असे, कारण तिथे दोष सापडण्याची आशा असायची. नुकसानभरपाई मागायची झाली तरी याच नोंदी लागतात.

नेट गेलेलं असताना आपत्कालीन फोन लागेल का?

घरचा फोन इंटरनेटवर चालत असेल तर नाही, हे घरातल्या सगळ्यांना माहीत असू द्या. मोबाइलचं जरा गुंतागुंतीचं आहे. साधारणपणे तुमच्या कंपनीचा टॉवर बंद असेल तर फोन आपत्कालीन कॉलसाठी दुसऱ्या कंपनीचा टॉवर धरतो. पण टॉवर चालू आणि आतलं कोअर जाळं बंद, अशी स्थिती असेल तर फोन त्याच टॉवरला चिकटून राहतो आणि कॉल कुठेच जात नाही. ८ नोव्हेंबर २०२३ रोजी ऑस्ट्रेलियात ऑप्टस कंपनीचे राऊटर मार्गांच्या माहितीच्या लाटेमुळे सुरक्षेसाठी स्वतःहून जाळ्यापासून तुटले. सुमारे एक कोटी ग्राहकांची सेवा गेली आणि २,१४५ जणांचे आपत्कालीन कॉल लागले नाहीत. टॉवर बंद व्हायला हवे होते, ते सगळे झाले नव्हते.

अशा वेळी सिम काढून किंवा फोनच्या सेटिंगमध्ये ते बंद करून आपत्कालीन क्रमांक लावून बघा. बऱ्याच देशांत सिमविना हा कॉल जातो, सगळ्या नाही, तेव्हा तुमच्याकडे काय नियम आहे ते आजच बघून ठेवा. घरात आजारी किंवा वृद्ध माणूस असेल तर दोन फोनमध्ये दोन वेगळ्या कंपन्यांची सिम ठेवा, आणि एक कंपनी दुसरीचंच जाळं भाड्याने वापरत नाही ना हे विचारून घ्या.

राऊटरसाठी यूपीएस घ्यावा का?

घ्यावा. राऊटर आणि ओएनटी दोन्ही त्यावर हवेत, नुसता राऊटर जोडून काही होत नाही. स्प्लिटरला वीज लागत नसल्यामुळे कंपनीच्या केंद्रातला पुरवठा चालू असेल तर तुमच्या भागातली वीज गेली तरी फायबरवरचं नेट चालू राहू शकतं. बॅटरी तीन-एक वर्षांनी तपासा. तपासायचं म्हणजे प्लग काढायचा आणि राऊटर किती मिनिटं टिकतो ते घड्याळ लावून बघायचं.